तेल कंपन्यांनी पऱ्हाटी न्यावी, पाणी नेऊ नये

२०२५ च्या पावसाळ्यात ई-२० पेट्रोलवरून देशभर मोठा वाद झाला. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या टिकतील का, ॲव्हरेज किती घटेल, इंजिन बिघडले तर वॉरंटी कोण देणार, वीस टक्के इथेनॉल घालूनही पेट्रोल स्वस्त का होत नाही, हे प्रश्न वाहिन्यांवर आणि मोबाइलवर कितीतरी दिवस फिरत राहिले. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ई-२० विरोधातली याचिका फेटाळली आणि वाद हळूहळू ओसरला. गाडीवाल्यांचे प्रश्न खोटे नव्हते. पण ज्या इंधनाबद्दल एवढी चर्चा झाली ते कोणत्या जमिनीतून आणि कुणाच्या पाण्यातून येते, हे त्या गदारोळात कितीजणांनी विचारले? समर्थक म्हणत होते, कालचा अन्नदाता आज ऊर्जादाता झाला. विरोधक म्हणत होते, आमच्या गाड्यांची वाट लागली. मराठवाड्यातून पाहिले तर दोन्ही बाजू पेट्रोलच्या टाकीपाशीच थांबल्या होत्या.

माझी भूमिका आधीच सांगतो. तेल आणि वायू उद्योगात शेतातली जैवऊर्जा आली पाहिजे, आणि ती मोठ्या प्रमाणावर आली पाहिजे. मात्र मराठवाड्यातून या उद्योगाने पीक काढल्यावर शेतात जे उरते तेच घ्यावे, जसे कापसाची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्या. इंधनासाठी मुद्दाम पाणी पाजून वाढवलेले पीक घेऊ नये. आणि जे घेईल त्याला उसासारखाच कायद्याने भाव, वजन आणि पैशाची मुदत बांधून द्यावी. यातली एकही अट सुटली, तर या भागाच्या वाट्याला फक्त नवा उपसा येईल.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे प्रत्येक हिशेब शेवटी तिथेच अडतो. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. उसाच्या मार्गाने एक लिटर इथेनॉल तयार व्हायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे त्या आराखड्यातच म्हटले आहे. आता एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ रेल्वे आली, तेव्हा पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. ते पाणी उतरवून घ्यायला अख्खे प्रशासन राबत होते, देशभरातले कॅमेरे स्टेशनवर उभे होते. तेवढे सगळे पाणी उसाला दिले असते तर आयोगाच्याच हिशेबाने त्यातून १७५ लिटर इथेनॉल निघाले असते. दोनशे लिटरचे एक पिंपसुद्धा भरले नसते! मराठवाड्याचा सरासरी पाऊस वर्षाला ६८० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि उसाला त्याच्या तिप्पट पाणी लागते. उरलेले दोन हिस्से बोअरमधून, मांजऱ्यातून, माजलगावातून, जायकवाडीच्या कालव्यातून येतात. म्हणजे जे पाणी उन्हाळ्यात नळाला यायचे तेच. २०१९ मध्ये विभागीय आयुक्त कार्यालयानेच मराठवाड्यात उसावर बंदी घालण्याची शिफारस सरकारला केली होती. ती कागदावर राहिली.

यावर कारखानदारीच्या बाजूचे उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. मळीपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट पाकापासून इथेनॉल काढले तर ऊस साखरेसाठी आधीच वाढवलेला असतो, मग त्याचे पाणी इथेनॉलच्या खात्यावर का टाकायचे? शिवाय साखर विकायला महिने लागतात, तर तेल कंपन्यांचा पैसा लवकर हाती येतो. त्यामुळे कारखान्यांकडे रोकड आली आणि एफआरपीची, म्हणजे कायद्याने ठरलेल्या ऊसदराची थकबाकी कमी झाली, हे शेतकऱ्याला बँकेच्या पासबुकात दिसले आहे. आता देशातल्या इथेनॉलमध्ये मक्याचा वाटाही मोठा झाला आहे. हे सगळे मान्य. पण मळीचे इथेनॉल आणि थेट रसाचे इथेनॉल यांत मोठा फरक आहे. रस थेट डिस्टिलरीत गेला की ऊस हे इंधनाचे पीक ठरते आणि त्याचे सगळे पाणी इंधनाच्याच खात्यावर लागते. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, तेव्हा ७ डिसेंबरला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंधन आणले. कर्ज काढून उभ्या केलेल्या डिस्टिलऱ्या त्या हंगामात अडचणीत आल्या. ज्या भागात दर चार-पाच वर्षांनी दुष्काळ ठरलेला, तिथे इंधनाची साखळी पावसावर टांगायची, हे कोणत्या अर्थाने शाश्वत? मक्याला पाणी कमी लागते, पण तो कोंबड्यांच्या खाद्यातून काढून डिस्टिलरीला द्यावा लागतो, आणि दुसऱ्या टोकाला पोल्ट्रीवाला शेतकरी महाग खाद्य घेत बसतो.

इंधनाचे पीक लावा आणि श्रीमंत व्हा, हा सल्ला मराठवाड्याला नवा नाही. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड लावून बायोडिझेल करण्याची मोठी योजना मांडली. पाणी लागत नाही, जनावर खात नाही, खडकाळ रानात येतो, असे सांगितले गेले. २००९ च्या जैवइंधन धोरणाने तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. झाड जगायला पाणी लागत नव्हते हे खरे, पण बी धरायला लागत होते. उत्पादन आले नाही, आणि जिथे थोडे आले तिथे ते घ्यायला कुणी उभे नव्हते. मोगली एरंडाची ही गोष्ट मला दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. पाण्याशिवाय भरघोस येणारे इंधनपीक असते, हा समज तिने खोडला. आणि खरेदीदार कायद्याने बांधलेला नसेल तर सगळा धोका बांधावरच्या माणसावर पडतो, हे दाखवून दिले. आज जैववायूसाठी लावायच्या नेपियर गवताचे करार घेऊन कुणी गावात आले तर पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा खरेदीच्या हमीचा विचारला पाहिजे. लातूर जिल्ह्यातून पाशा पटेल यांनी चालवलेली बांबूची मोहीम या बाबतीत वेगळी आहे, कारण बांबू वर्षानुवर्षे उभा राहतो आणि उसाच्या मानाने पाणी कमी मागतो. पण तिलाही हेच दोन प्रश्न चुकत नाहीत.

मग तेल कंपन्या कशाला हव्यात? गावाची ऊर्जा गावातच का तयार करू नये? हा आक्षेप मला सर्वांत जवळचा आहे, कारण त्यामागे मोठी परंपरा आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस बनवला जात होता. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोबरगॅस आणि सोनखताचे प्रयोग केले. पुण्याच्या आरती संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचे तंत्र बसवले आणि त्याला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तरीही गावोगावच्या गोबरगॅसच्या टाक्या आज कोरड्या का पडल्या आहेत? दुष्काळात जनावरे विकली गेली, शेण कालवायला पाणी उरले नाही, टाकीला चीर गेली तर दुरुस्त करणारा मिळाला नाही. तंत्र चांगले होते, पण रोज उठून ते सांभाळणारी व्यवस्था मागे नव्हती. तेल आणि वायू कंपन्यांकडे नेमकी हीच व्यवस्था आहे: वाहिन्या, डेपो, प्रयोगशाळा, पंप, भांडवल आणि तांड्या-वस्तीपर्यंत सिलिंडर पोचवणारे वितरक. विखुरलेला माल गोळा करून एका दर्जाचा करणे आणि ठरल्या वेळी पोचवणे, हे त्यांचे रोजचे काम आहे.

अर्थात, त्यांच्या हेतूबद्दलची शंका रास्त आहे. पाच टक्के जैववायू मिसळायचा, त्याची जाहिरात करायची आणि उरलेले पंचाण्णव टक्के पूर्वीसारखेच जाळत राहायचे, हे जगभर होते. युरोपातला अनुभव पाहा. इटलीच्या एनी कंपनीने व्हेनिसजवळची पोर्तो मार्घेरा रिफायनरी २०१४ मध्ये खनिज तेलाकडून जैवइंधनाकडे वळवली. फ्रान्समध्ये टोटल कंपनीने २०१९ मध्ये ला मेदची रिफायनरी तशीच बदलली. दोन्हींकडे पामतेलाचा प्रश्न उभा राहिला, म्हणजे इंधन हिरवे आणि त्यासाठी जंगल कुठेतरी दूर आशियात तुटणार. जून २०१८ मध्ये फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून रिफायनऱ्या अडवल्या. आमची मोहरी सोडून बाहेरचे पामतेल का, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कच्चा माल कोणता आणि कुठला हे लिहून घेतले नाही, तर कंपनी सर्वांत स्वस्त मालाकडे जाते. मराठवाड्यात ज्याचा हिशेब कुणी मागत नाही ती वस्तू पाणी आहे. म्हणून ऊस स्वस्त पडतो.

आता शेतात काय उरते ते पाहू. कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनची गुळी म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ज्वारीचा कडबा, उसाचे पाचट, कारखान्याचा प्रेसमड म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, गोठ्यातले शेण. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार, म्हणजे असा काडीकचरा निघतो आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन वापराविना उरतो. पण ही यादी सरसकट एका चुलीत घालता येत नाही, आणि इथेच अनेक प्रकल्पांची पत्रके लोकांची दिशाभूल करतात. प्रेसमड आणि शेण टाकीत कुजते, त्याचा वायू होतो. ढोबळ मानाने २५ टन प्रेसमडमागे एक टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबून भरलेला जैववायू मिळतो. पऱ्हाटी आणि तुराट्या लाकडासारख्या आहेत. त्यांच्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, जिवाणूंना पचत नाही, त्यामुळे त्यांचा वायू टाकीत सहज होत नाही. त्यांच्या ब्रिकेट आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या विटा आणि गोळ्या करून बॉयलरमध्ये जाळता येतात किंवा गॅसिफायरमध्ये, म्हणजे कमी हवेत तापवून वायू करणाऱ्या भट्टीत घालता येतात. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तर जैवभाराच्या गॅसिफिकेशनमधून हायड्रोजन काढण्याचे तंत्र विकसित झाले आहे. रिफायनरीला तेलातले गंधक काढायला हायड्रोजन रोजच लागतो आणि आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो, तेव्हा हे थेट त्यांच्या कामाचे आहे. पेंढ्यापासून इथेनॉलही होते. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर, म्हणजे टनामागे १५० लिटर, हे त्याचे उद्दिष्ट आहे. एक टन उसापासून ७० लिटर मिळते. तंत्र अजून महाग आहे आणि पेंढा गोळा करणे कठीण आहे, पण त्या पेंढ्यासाठी वेगळे पाणी पाजलेले नाही.

‘वापराविना उरतो’ या शब्दांवर गावातली कोणतीही बाई आक्षेप घेईल, आणि तिचे बरोबर असेल. माझ्या मते या विषयातला सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची मजुरी म्हणून अनेक ठिकाणी पऱ्हाटीच दिली जाते. भूमिहीन घराचे वर्षाचे सरपण त्यातून होते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघरी सिलिंडर आला, पण दुसऱ्यांदा भरायचे पैसे नसले की बाई पुन्हा चुलीकडे वळते. अशा वेळी कंपनीचा ट्रक येऊन पऱ्हाटी विकत घेऊ लागला तर शेतकरी ती मजुराला देईल का? नाही देणार. पुढे जाऊन असेही होऊ शकते, की गरिबाचे सरपण नेऊन आपण शहरातल्या मोटारी हिरव्या करू.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते आधीच अटीत लिहावे लागेल. चुलीत उष्णतेचा फार थोडा भाग भांड्याला लागतो, बाकी धूर होऊन घरात आणि छातीत जातो. एका सिलिंडरइतका स्वयंपाक चुलीवर करायला ढोबळ हिशेबाने दोन क्विंटल पऱ्हाटी जळते. तीच दोन क्विंटल पऱ्हाटी कारखान्याच्या चांगल्या बॉयलरमध्ये जाळली तर चुलीच्या पाच-सहा पट उष्णता कामी येते. मग ज्या तेल कंपनीला पऱ्हाटी हवी आहे, तिच्याच वितरकाच्या गोदामात सिलिंडर आहे. दोन क्विंटल पऱ्हाटी तोलून द्या आणि भरलेला सिलिंडर न्या, असा सौदा कंपनी का करू शकत नाही? उष्णतेच्या हिशेबात तिच्याकडे तरीही बरेच शिल्लक राहते. पऱ्हाटी गोळा करणाऱ्या बाईचा हक्क आधी, शेतकऱ्याची विक्री नंतर, असा क्रम करारात असला पाहिजे. आणि कडब्याला कुणी हातच लावू नये. चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे कारण सांगायला नको.

मातीचा आक्षेपही तितकाच खरा आहे. आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब आधीच खालावला आहे, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने धाराशिव, बीड, लातूरकडे वरचा सुपीक थरच खरडून नेला. अशा रानातून काडीकचरा उचलायचा कसा? म्हणून उसाचे पाचट सरीतच राहिले पाहिजे. ते पेटवणे जितके चूक, तितकेच ते कंपनीला विकणेही चूक. सोयाबीनची गुळी जनावराला आणि जमिनीला. पऱ्हाटीची गोष्ट निराळी आहे. ती लवकर कुजत नाही. आज तिचा मोठा भाग धुऱ्यावर रचून पेटवला जातो किंवा पुढच्या हंगामापर्यंत तसाच पडून राहतो, आणि रचलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून बसते. २०१७ मध्ये या अळीने कापूस उत्पादकांचे काय केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कापूस रानात ठेवून पुन्हा पीक घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढा, असे कृषी विद्यापीठे तेव्हापासून सांगत आहेत. शेतकऱ्याने ती काढावी कशासाठी, मजुरी कोण देणार? भाव मिळाला तर ती आपोआप निघेल. प्रेसमड आणि शेणाच्या प्रकल्पातून उरणारी स्लरी, म्हणजे खताचा पातळ गाळ, मात्र त्याच तालुक्यातल्या शेतात परत आली पाहिजे. अशा खताच्या विक्रीला केंद्र सरकारने २०२३ मध्ये टनामागे १,५०० रुपये साहाय्य मंजूर केले, त्यामुळे ते परवडत नाही हे कारण चालणार नाही. प्रेसमड आहे म्हणून उसाचे क्षेत्र वाढवायचे, ही पळवाटही बंद ठेवावी लागेल.

शेवटचा मोठा आक्षेप वाहतुकीचा. पऱ्हाटीने ट्रक भरतो पण वजन भरत नाही, हंगाम थोड्याच महिन्यांचा, माल हजार बांधांवर विखुरलेला. महाराष्ट्रातले काही जैवभार वीजप्रकल्प याच कारणाने आजारी पडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ‘सतत’ योजना आणली, २०२३-२४ पर्यंत ५,००० सीबीजी प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले, आणि २०२५ पर्यंत चालू झालेले प्रकल्प शे-सव्वाशेच्या घरात होते. मग हे जमणारच नाही का?

साखर कारखान्याकडे पाहा. ऊस पऱ्हाटीपेक्षा कितीतरी नाजूक माल आहे. तोडल्यावर दोन दिवस पडला तरी उतारा घटतो. तरी मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून तो बैलगाडीने, ट्रॅक्टरने, ट्रकने ठरल्या तारखेला गव्हाणीत येऊन पडतो. ही किमया यंत्रांनी केलेली नाही. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्यांच्याकडे ना हार्वेस्टर होता ना उपग्रहाची नोंद. नोंदलेला ऊस, वजनकाटा आणि भाव यांची व्यवस्था मात्र होती. पुढे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देण्याचे आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजाचे बंधन घातले. ते पाळले जात नाही म्हणून आंदोलने होतात, हे खरे. पण आंदोलन करायला हातात कायदा तरी आहे. पऱ्हाटीला काय आहे? हमीभाव नाही, काटा नाही, मुदत नाही. शेतकरी ऊस लावतो तो पाण्याचा वैरी आहे म्हणून नव्हे. ज्या पिकाचा भाव कायद्याने ठरलेला आहे ते पीक तो लावतो. तेल कंपन्यांवर मिश्रणाचे बंधन घालणाऱ्या सरकारने त्याच कागदावर पऱ्हाटी, तुराट्या आणि शेणाचा किमान खरेदी दर लिहिला, तर गोळा करण्याची व्यवस्था गावेच उभी करतील. तालुक्याला एक श्रेडर आणि ब्रिकेटचे यंत्र असलेली शेतकरी उत्पादक कंपनी, आणि मोकळ्या पऱ्हाटीऐवजी दाबलेला माल पुढे, एवढ्याने वाहतुकीचा निम्मा प्रश्न सुटतो.

बीड, जालना, परभणीतून कोयते घेऊन बाहेर पडणाऱ्या लाखो ऊसतोड मजुरांसाठी हा प्रश्न याहून जवळचा आहे. डिसेंबर ते एप्रिल हाच पऱ्हाटी-तुराट्या गोळा करण्याचा हंगाम आहे आणि हेच त्यांचे स्थलांतराचे महिने. हे काम गावाजवळ मिळाले तर पोरांची शाळा सुटणार नाही. पण इथेही सावध राहावे लागेल. गोळा करण्याचे कंत्राट मुकादमाकडे गेले आणि मजुराच्या हाती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन त्याला बांधून घेतले, तर कोयत्याच्या जागी फक्त पऱ्हाटी उपटायचा चिमटा येईल. मजुरीचा दर करारात, आणि पैसा थेट खात्यात, एवढे तरी बंधन कंपनीवर हवे.

वेळ थोडा आहे. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये सीबीजी मिसळण्याचे बंधन २०२५-२६ ला एक टक्का, त्यानंतर तीन, मग चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के असे वाढत जाणार आहे. छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि धाराशिवला शहर गॅसचे परवाने दिले गेले आहेत आणि मुंबई-नागपूर गॅसवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आपल्याच जिल्ह्यांतून जाते. हा माल कुठून तरी येणारच आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीत कच्चा माल कोणता, त्याला पाणी कुठले, खरेदीचा दर किती आणि सरपणाचा वाटा कुणाचा, हे इथल्या आमदार-खासदारांनी आणि ग्रामसभांनी आत्ताच लिहून घ्यावे. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यात साखर कारखाने आधी उभे राहिले आणि पाण्याचा हिशेब नंतर मागितला गेला. तोवर चिमण्या पेटल्या होत्या, कर्जे उचलली गेली होती, सभासदांचे ऊस उभे होते, आणि आयुक्तांची शिफारससुद्धा काही बदलू शकली नाही.